वॉर्डातली साक्ष आणि रविवारची ड्यूटी

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम. तुमच्या विनंतीप्रमाणे तुमचे नाव, गाव आणि रुग्णालय यांचा उल्लेख टाळला आहे. मात्र तुमच्यासारखे प्रश्न अनेक ख्रिस्ती नोकरदारांना पडत असल्यामुळे पत्राचा गोषवारा वाचकांसाठी देते.

तुम्ही एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहात आणि तुमची बहुतेक नोकरी लेबर रूममध्ये व बाळंतिणींच्या वॉर्डात झाली आहे. वॉर्डात ख्रिस्ती अशा तुम्ही एकट्याच. विश्वासणाऱ्याचे जीवन हे लोकांनी वाचायचे पत्र असते, असे मंडळीत वारंवार ऐकायला मिळते आणि ते ऐकून घरी परतताना तुमचे मन खट्टू होते, कारण इतक्या वर्षांत आपल्यामुळे एकही माणूस प्रभूकडे वळल्याचे तुम्हाला आठवत नाही. महिला संघातील एका ज्येष्ठ भगिनींनी वॉर्डात वाटण्यासाठी शुभवर्तमानाच्या पुस्तिकांचा गठ्ठा दिला. तो कपाटात तसाच पडून आहे आणि आपण प्रभूची लाज धरतो की काय, अशी टोचणी तुम्हाला लागली आहे. बाळंतपणानंतर नातेवाइकांकडून जे खुशीचे पैसे घेतले जातात त्यांतला वाटा तुम्ही घेत नाही; त्यामुळे ‘आमच्या सिस्टर फार पवित्र’ असे टोमणे कानांवर येतात आणि डबा खायला तुमच्याशेजारी कुणी बसत नाही. गणपतीतला प्रसाद घ्यावा की नाही, हेही तुम्ही विचारले आहे. जाता जाता एक वाक्य लिहिले आहे की इन्चार्ज सिस्टर समजूतदार असल्याने रविवारी उपासनेसाठी सुट्टी मिळते, एवढे एक बरे आहे. या वाक्याकडे मी नंतर वळेन, कारण तुमच्या साऱ्या पत्रात मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटले.

आधी पुस्तिकांविषयी. त्या वॉर्डात वाटू नका. तुम्हाला वाटलेला संकोच भित्रेपणातून आलेला नाही. तुमच्या विवेकबुद्धीने तुम्हाला वेळेवर हटकले आहे. रात्री दोन वाजता कळांनी तळमळणारी बाई, टाके पडल्यामुळे कुशीवर वळता न येणारी बाळंतीण, बाळ छातीला लागत नाही म्हणून रडकुंडीला आलेली पहिलटकरीण, या सगळ्या जणी पाणी, चादर, गोळी आणि धीर यांसाठी तुमच्यावरच अवलंबून असतात. ज्या हाताने इंजेक्शन द्यायचे त्याच हाताने पुस्तिका पुढे केली, तर ती नको म्हणण्याचे बळ त्या बाईने कोठून आणावे? ती पुस्तिका घेईल, उशाखाली ठेवील, कदाचित तुम्हाला बरे वाटावे म्हणून दोन पाने चाळेलही. पण ‘घेतली नाही तर सिस्टरांचे आपल्याकडे दुर्लक्ष होईल’ ही धास्ती तिच्या मनात क्षणभर जरी डोकावली, तरी जे मोकळेपणाने पोहोचवायचे ते भीतीच्या आधाराने पोहोचवल्यासारखे होईल. शिवाय ख्रिस्ती माणसाच्या सेवेमागे काही हेतू असतो, असा संशय आपल्या आसपास आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्या संशयात अन्याय पुष्कळ आहे. पण त्याला पुरावा पुरवण्याचे काम आपण करू नये, आणि आजारी माणसाच्या पलंगापाशी तर मुळीच करू नये.

लूकाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाल्याची गोष्ट आहे. दहांपैकी एकच परत येऊन पाया पडला, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने परका. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे प्रभूने विचारले खरे. पण परत न आलेल्यांचे बरे होणे त्याने काढून घेतले नाही, आणि बरे करण्यापूर्वी त्यांच्याकडून कसले वचनही घेतले नव्हते. ख्रिस्ती परिचारिकेने लेबर रूमच्या दारावर काही लावायचेच असेल, तर मी हा प्रसंग लावीन.

या बाबतीत महाराष्ट्राच्या इतिहासातले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात हलवले. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, मुलींवर कसलीही सक्ती होणार नाही, त्यांना आपापले आचार पाळता येतील, अशी त्यांची भूमिका होती. मात्र स्वतःची प्रार्थना त्या लपूनछपून करणार नव्हत्या. त्यांच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात वादळ उठले, 1893 मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. या वादात रमाबाईंवर पुष्कळ अन्याय झाला, असे माझे मत आहे, कारण आपल्या घरात दार उघडे ठेवून प्रार्थना करणे हा काही गुन्हा नाही. तरीही टीकाकारांच्या एका मुद्द्याचे वजन मी नाकारू शकत नाही: त्या मुलींना परत जायला धड घर नव्हते, आणि आसरा देणाऱ्याच्या श्रद्धेकडे आसरा घेणाऱ्याचे मन ओढले जाणे हे अगदी स्वाभाविक असते, मग देणाऱ्याने ओढले असो वा नसो. रमाबाईंसारख्या पारदर्शी बाईच्या वाट्याला हे आले. तुमच्या वॉर्डातील रुग्ण तर त्या मुलींहूनही अधिक असहाय असतो, आणि वॉर्ड हे तुमचे घरही नाही.

मग प्रार्थना करायचीच नाही का? जरूर करा. हात धुताना, ग्लोव्हज चढवताना, बाळ रडायला उशीर लावते त्या भयंकर अर्ध्या मिनिटात मनातल्या मनात करा. त्यासाठी कोणाचीच परवानगी लागत नाही. एखादी बाई आपण होऊन म्हणाली, ‘सिस्टर, तुमच्या देवाजवळ माझ्यासाठी मागा,’ तर तिचा हात हातात घेऊन, शेजारच्या पलंगाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात दोन वाक्ये बोला आणि कामाला लागा. उलट बाजूने, बाळाच्या मनगटाला कोणी काळा दोरा बांधला किंवा कपाळाला अंगारा लावला, तर तुमच्या चेहऱ्यावर तुच्छता दिसू देऊ नका. दोरा घट्ट बसत असेल तर सैल करायला सांगा, डोळ्यांत काजळ घालत असतील तर ते का घालू नये हे समजावून सांगा, कारण ते तुमच्या कामाचे आहे. दोरा बांधलाच का, यावर बोलणे तुमच्या कामाचे नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेला नाक मुरडणारी परिचारिका स्वतःच्या श्रद्धेविषयी जे काही सांगेल, ते ऐकायला कोणी थांबणार नाही.

‘आपल्यामुळे एकही माणूस वळला नाही’ या तुमच्या खंतीकडे मी सहानुभूतीने पाहते, पण ती खंत मुळात चुकीच्या हिशेबातून आली आहे, असे मला वाटते. मिरजेला विल्यम वान्लेस यांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल उभे केले. पुढे तेथे वैद्यकीय शिक्षण सुरू झाले, वान्लेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले आणि आज मिरज ही वैद्यकीय नगरी म्हणून ओळखली जाते. त्या हॉस्पिटलात बरे होऊन लाखोंनी माणसे घरी गेली असतील. येताना ज्या देवाचे नाव घेत होती त्याच देवाचे नाव घेत बहुसंख्य परत गेली. म्हणून ते काम वाया गेले, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक असलेली गोदूबाई जोशी ही बालविधवा 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाली आणि बाया कर्वे या नावाने महाराष्ट्राला परिचित झाली. ती ख्रिस्ती झाली नाही. पण विधवेला शिकता येते, नवे आयुष्य उभारता येते, हे तिने तेथे अनुभवले. कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला तेव्हा अशी अनुभवी सहचारिणी त्यांच्या घरात होती. एका ख्रिस्ती बाईच्या श्रद्धेचा प्रभाव इतका दूर गेला आणि मंडळीच्या नोंदवहीत त्याची एक ओळही येणार नाही. तुमच्या महिला संघात माणसांची मोजदाद होत असेल तर होऊ द्या, तुम्ही त्या हिशेबात पडू नका.

तरीही ‘मी आपली शांतपणे नोकरी करते, हीच माझी साक्ष’ एवढ्यावर समाधान मानण्याचा मोह टाळायला हवा. डोंगरावरील प्रवचनात प्रभू एकीकडे सांगतो की तुमचा प्रकाश लोकांसमोर असा पडू द्या की त्यांनी तुमची सत्कर्मे पाहावीत, आणि पुढच्याच अध्यायात बजावतो की लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, उजव्या हाताचे डाव्याला कळू देऊ नका. वर्षानुवर्षे लोक या दोन वचनांचा मेळ घालू पाहतात. मला त्यांचा अर्थ असा लागतो की न्यायाचे काम, जेथे दुसऱ्याचे काही बुडते आहे तेथले काम, लोकांदेखत करावे, कारण ते लपवले तर ज्याचे बुडते आहे त्याला आधार मिळत नाही. आणि दया, दान, उपास, प्रार्थना यांची वाच्यता शक्यतो करू नये. तुमच्या वॉर्डात मात्र नेमके उलटे घडते आहे की काय, अशी मला शंका आहे. तुमचे भक्तीचे आचरण सर्वांना माहीत आहे, आणि पैशांच्या बाबतीत तुम्ही जे नाकारता ते मुकाट्याने नाकारता.

म्हणून खुशीच्या पैशांविषयी सविस्तर लिहिते. सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, औषधे, तपासण्या, आईचा आहार, घरी सोडणारी गाडी हे सारे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून मोफत आहे. तरीही बाळ बाहेर दाखवायला नेले की आजीच्या पदराची गाठ सोडवली जाते, हे तुम्ही रोज पाहता. मुलगा असला तर पाचशे, मुलगी असली तर शंभर-दोनशे, असा दर तुम्ही पत्रात लिहिला आहे. आणि मुलगी झाल्याची बातमी आवाज खाली करून सांगितली जाते, हेही लिहिले आहे. त्या दोन वाक्यांनी मी थांबले. ‘मी वाटा घेत नाही’ हे चांगलेच आहे, पण त्याने आजीचे पैसे वाचत नाहीत. ते बाकीच्यांत वाटले जातात इतकेच. तुमचे हात स्वच्छ राहिले, तिची गाठ मात्र सुटलीच. सहकाऱ्यांना तुमचा राग येतो, त्याचे एक कारण हेही असू शकेल की तुमचा नकार त्यांना फक्त स्वतःला वेगळे ठेवण्यासाठी केलेला वाटतो.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई आले व आम्ही काय करावे असे विचारू लागले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडून अरण्यात या, असे सांगितले नाही. ठरवून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, कोणावर जुलूम करू नका, आपल्या पगारात समाधानी राहा, असे त्याने सांगितले. लूकाच्या तिसऱ्या अध्यायातले हे उत्तर जितके साधे तितकेच नोकरदाराला जड जाणारे आहे. तुमच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की तुमच्या ड्यूटीत बाळ दाखवायला तुम्ही स्वतः बाहेर जावे. मुलगी असेल तर आवाज चढवून, हसून सांगावे की मुलगी झाली, अडीच किलोची आहे, आईची तब्येत छान आहे, आणि हे अशा थाटात सांगावे की आजीला तोंड पाडायला सवडच मिळू नये. नोट पुढे आली की सर्वांदेखत, पण गोड शब्दांत म्हणावे, ‘आजी, इथे काही द्यायचे नसते, सगळे मोफत आहे, या पैशांचे बाळाला झबले-टोपरे घ्या.’ त्यात सहकाऱ्यांचा उल्लेख नको, ‘बाकीचे घेतात, मी घेत नाही’ असा सूर तर अजिबात नको. तुमच्या पाळीत पैसे नाहीत, एवढी ओळख हळूहळू होऊ द्या.

वॉर्डातल्या मावशींचा विचार मात्र निराळा करा. कंत्राटावर काम करणाऱ्या, पगार महिनोन् महिने लांबणाऱ्या बाईला पन्नासाची नोट आणि पक्का पगार असलेल्या परिचारिकेचा वाटा यांना मी एकाच मापाने मोजणार नाही. चूक ती चूकच आहे. पण त्या बाईपुढे नीतीचे धडे देण्यापूर्वी तिचा थकलेला पगार मिळावा म्हणून इन्चार्ज सिस्टरांकडे, वैद्यकीय अधीक्षकांकडे तिच्याबरोबर जाणे हे तुमच्या विश्वासाला अधिक शोभेल. रक्त पडलेली फरशी ती पुसत असताना तुम्ही बादली सरकवून दिलीत, तर त्याचाही तिला अर्थ कळतो. नातेवाइकांना अडवून, धमकावून पैसे उकळण्याचा प्रकार दिसला, तर मात्र गोड बोलून चालणार नाही. तेथे आधी त्या व्यक्तीला एकांतात सांगावे, आणि न ऐकल्यास वरिष्ठांना लेखी कळवावे. चारचौघांत अपमान करण्यापूर्वी एकट्याला गाठून सांगा, हा क्रम मत्तयाच्या अठराव्या अध्यायात दिलेला आहे आणि कार्यालयातही तोच सर्वांत कमी रक्तपात करणारा ठरतो.

आता रविवार. इन्चार्ज सिस्टर तुम्हाला दर रविवारी ऑफ देतात, याचा अर्थ दर रविवारी दुसरी कोणी तरी ड्यूटी करते. तिलाही नवरा असतो, शाळेला सुट्टी असलेली मुले असतात, भावाच्या घरी साखरपुडा असतो. ड्यूटी लिस्ट भिंतीवर लागली की तुमच्या नावापुढचा रविवारचा चौकोन प्रत्येकीच्या नजरेत भरतो, आणि त्यांच्या मनात तुमच्या देवाची जी पहिली ओळख तयार होते ती अशी की या बाईच्या देवासाठी आपल्याला रविवार गमवावा लागतो. हे कोणी तुमच्या तोंडावर बोलले नसेल, कारण माणसे अशा गोष्टी तोंडावर बोलत नाहीत, त्या टोमण्यातून बोलतात. ‘फार पवित्र’ या शब्दांत खुशीच्या पैशांइतकाच हा रविवारही दडलेला असावा, असा माझा अंदाज आहे. तो चुकीचाही असू शकेल. पण तुम्ही लिस्ट काढून गेल्या सहा महिन्यांचे रविवार कोणाकोणाला पडले ते एकदा पाहा.

मी उपासना सोडायला सांगत नाही. मंडळीपासून तुटलेला विश्वास फार दिवस टिकत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. पण जी सवलत मिळते तिची भरपाई मागितल्याशिवाय करावी. लक्ष्मीपूजनाची रात्र, भाऊबीज, संक्रांत, रक्षाबंधन, गौरी जेवणाचा दिवस, या दिवसांच्या ड्यूट्या तुम्ही आपण होऊन मागून घ्या, आणि त्या महिन्याची लिस्ट तयार होण्याच्या आधी मागा, म्हणजे कोणाला विनवावे लागणार नाही. महिन्यातला एखादा रविवार दुसरीसाठी सोडा आणि त्या दिवशी सकाळची उपासना चुकली तर संध्याकाळच्या घरसभेला जा. ज्या प्रभूने शब्बाथ माणसासाठी आहे असे सांगून शब्बाथाच्याच दिवशी आजाऱ्यांना बरे केले, त्याला रविवारी बाळंतिणीपाशी उभी असलेली तुम्ही परकी वाटणार नाही. पाळकसाहेबांना हे आधी समजावून सांगा, म्हणजे गैरहजेरीचा वेगळा अर्थ निघणार नाही. शिफ्ट बदलताना मात्र वक्तशीरपणात कसूर नको. नाइट संपवून तारवटलेल्या डोळ्यांनी उभ्या असलेल्या सहकारिणीला तुम्ही पंधरा मिनिटे उशिरा येऊन सोडवलेत, तर तुमच्या सकाळच्या प्रार्थनेमुळे उशीर झाला हे कारण तिच्या दृष्टीने सर्वांत वाईट कारण असेल.

प्रसादाविषयी थोडक्यात लिहिते, कारण येथे ख्रिस्ती लोकांमध्येच एकमत नाही आणि मला ते घडवून आणण्याची घाई नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोन्ही बाजूंचा विचार केला आहे: यजमानाने वाढलेले चौकशी न करता खा, पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले तर खाऊ नका. ज्यांची विवेकबुद्धी प्रसाद घेऊ देत नाही त्यांनी दोन्ही हात जोडून, हसून ‘मला चालत नाही, पण तुम्हा सर्वांना शुभेच्छा’ एवढेच म्हणावे. मूर्तिपूजेवर भाष्य करू नये, आणि घेतलेला प्रसाद नंतर कचऱ्याच्या डब्यात टाकण्याचा अश्लाघ्य प्रकार तर कधीच करू नये. तो डबा मावशी रिकामा करतात, हे विसरू नका. आरतीच्या वेळी मी तुमच्या जागी असते तर वॉर्ड सांभाळण्याची जबाबदारी घेतली असती आणि सर्वांना निर्धास्तपणे आरतीला पाठवले असते. नाताळाला तुमच्या घरच्या करंज्या आणि केक वॉर्डात जातच असतील. जात नसतील तर या वर्षी न्या, आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये देण्याआधी सफाई कामगारांना द्या.

हे सारे करूनही टोमणे थांबतीलच, असे आश्वासन मी देणार नाही. काही माणसांना तुमच्या पाळीत पैसे मिळत नाहीत हेच खुपत राहील. काही वेळा तुमचाही तोल जाईल, कळा देणाऱ्या बाईवर तुम्ही खेकसाल, जसे लेबर रूममध्ये थकलेल्या बहुतेक परिचारिका कधी ना कधी खेकसतात. तसे झाले तर ड्यूटी संपण्याआधी तिच्या पलंगापाशी जाऊन माफी मागा. सरकारी वॉर्डात बाळंतिणीची माफी मागितल्याचे फारसे कोणी पाहिलेले नसते.

आणि पुस्तिकांचा तो गठ्ठा ज्येष्ठ भगिनींना आदराने परत करा. त्यांची तळमळ खरी आहे, तिचा अवमान करू नका. रुग्णालयात मी त्यांचा वापर करू शकत नाही, पण तुमच्या ओळखीच्या कोणाला खरोखर वाचायच्या असतील तर त्यांना तुमच्याकडे पाठवीन, असे सांगा. त्यांना शक्य असेल तर वॉर्डासाठी जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून देण्याचे काम महिला संघाला सुचवा. कोणत्याही सरकारी प्रसूती वॉर्डात मऊ दुपट्यांची वाण असते. त्या दुपट्यांवर वचन छापू नका, संघाचे नावही नको.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, कोणी विचारलेच तर काय बोलावे. पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितले आहे की तुमच्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदैव तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. त्या वचनात विचारणारा आधी येतो आणि उत्तर नंतर, एवढे लक्षात असू द्या. रात्रपाळीत चहाच्या कपाबरोबर एखादी सहकारिणी सहज म्हणेल, ‘तुम्ही पैसे का घेत नाही हो, खरे सांगा.’ तेव्हा लांबलचक काही सांगू नका. ‘मी प्रार्थनेला बसते तेव्हा त्या आजीची गाठ डोळ्यांसमोर येते, म्हणून घेववत नाही,’ अशा तुमच्याच शब्दांत, तुमच्याच भाषेत, खरे असेल तेवढेच सांगा आणि थांबा. तिला पुढे काही विचारायचे असेल तर ती विचारील. नसेल विचारायचे, तर तिच्या मुलाच्या दहावीचे काय झाले ते तुम्ही विचारा.

तुमची,
सदरलेखिका